काकू, थँक्यू, अण्णांचं 'वय झालं' नव्हतं हे तुमच्यामुळे कळलं

काकू, नमस्कार.

तुम्हाला फोनवर थँक्यू म्हणायला गेलं की तुम्ही लगेच विषय बदलता, म्हणून मुद्दाम सगळ्यांसमोर लिहितेय. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात तुम्ही पार्किन्सन्सबद्दल, म्हणजे हालचाली मंदावणाऱ्या मेंदूच्या आजाराबद्दल, जे बोललात ते अजून चार घरांत पोचावं असंही फार वाटतं.

तोपर्यंत आमच्याकडे सगळ्यांच्या डोक्यात एकच, पार्किन्सन्स म्हणजे हात थरथरणार. आणि अण्णांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, हात जराही हलत नव्हता. ते नुसते हळू झाले होते, शर्टाची बटणं लावायला वेळ, चालताना उजवा हात अंगाला चिकटलेला, चेहऱ्यावर हसू नाही की राग नाही, आणि अक्षर तर बघवत नव्हतं, आयुष्यभर टपोरं लिहिणारा माणूस आणि आता ओळ संपेपर्यंत अक्षर मुंगीएवढं. सही जुळत नाही म्हणून चेकसुद्धा परत आला. जो तो म्हणायचा वय झालं. तुम्ही मात्र कार्यक्रमानंतर चहा घेता घेता विचारलंत, "यांना वास येतो का गं? झोपेत ओरडतात, हातपाय झाडतात का?" दोन्हीचं उत्तर आम्हाला माहीत होतं, पण त्याचा हळू चालण्याशी काही संबंध असेल हे कोणाच्या मनातही नव्हतं! वास जाणं, बद्धकोष्ठ, झोपेतली ती झटापट हे सगळं कितीतरी वर्षं आधीपासून असू शकतं आणि कंप प्रत्येकाला असतोच असं नाही, हे त्या दिवशी कळलं. मी काही डॉक्टर नाही, न्यूरोलॉजिस्टला दाखवा, हेही तुम्ही ठासून सांगितलंत.

दाखवलं, आणि पार्किन्सन्सच निघाला. मेंदूत डोपामिन, म्हणजे हालचालींसाठी लागणारं रसायन, तयार करणाऱ्या पेशी कमी होत जातात, गोळीने ते भरून काढायचं, एवढं डॉक्टरांनी समजावलं. पण गोळी घरात कशी सांभाळायची ते तुम्ही शिकवलंत. घड्याळ लावून द्यायची, जेवणाआधी अर्धा तास, डाळ-दूध-पनीर तिच्याबरोबर नको कारण प्रोटीनमुळे लिव्होडोपा, म्हणजे त्या गोळीतलं औषध, नीट लागू पडत नाही. काकांनाही पार्किन्सन्स, त्यांचं इतकी वर्षं करताय, त्यामुळे तुमच्या सांगण्यात पुस्तकी काही नसतं.

आणि ती टेप! बाथरूमच्या दाराशी अण्णांचे पाय जमिनीला खिळायचे, आम्ही हात धरून ओढायला जायचो. तुम्ही आलात, म्हणालात ओढू नका, पडतील, जरा थांबू दे. मग इलेक्ट्रिकच्या दुकानातून निळी टेप आणवलीत, गुडघे दुखत असताना खाली बसून एकेका पावलाच्या अंतराने आडव्या पट्ट्या चिकटवल्यात आणि अण्णांना म्हणालात, पट्टी ओलांडा, एक, दोन. आणि ते गेले की चालत! मी अजून सांगते लोकांना.

पण काकू, मला सगळ्यात मोठं वाटतं ते तुम्ही घराबाहेर केलंत ते. अण्णांचा झोक जातो म्हणून कोपऱ्यावरची पोरं पिऊन आलेत म्हणायची. तुम्ही त्या पोरांशी बोललात, किराणावाल्याशी बोललात, वॉचमनशी बोललात, की यांना पाकिटातून पैसे काढायला वेळ लागतो, घाई करू नका, त्यांना सगळं कळतं. आता दुकानदार स्टूल पुढे करतो. अण्णा पुन्हा एकटे खाली जायला लागलेत, आणि हे गोळीने नाही झालं, आजूबाजूच्यांना माहीत झालं म्हणून झालं. पुण्यातल्या पार्किन्सन्स मित्रमंडळाची ओळखही तुम्हीच करून दिलीत, तिथे आपल्यासारखेच बाकीचे बघून अण्णांची भीड गेली.

११ एप्रिल येतोय, जागतिक पार्किन्सन्स दिन, ज्या लंडनच्या डॉ. जेम्स पार्किन्सननी १८१७ साली या आजाराचं वर्णन लिहिलं त्यांचा वाढदिवस. तुम्ही यंदा कुठल्या सोसायटीत बोलणार ते कळवा, खुर्च्या लावायला आम्ही येतो. आणि अण्णा म्हणतायत पाच मिनिटं मीपण बोलणार. आवाज बारीक झालाय त्यांचा, तेव्हा माईक चांगला बघून ठेवा.

तुमची,
अण्णांची सून