वापरलेली खेळणी धुऊनच द्यावीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीची साफसफाई सुरू झाली की गृहनिर्माण संस्थांच्या फाटकापाशी जुन्या कपड्यांबरोबर खेळण्यांचीही खोकी भरू लागतात. मे २०२३ पासून अनेक शहरांत पालिकांनी जुन्या पण वापरण्याजोग्या वस्तूंसाठी संकलन केंद्रे उघडली, तेथेही खेळणी येतात आणि पुढे अंगणवाड्यांत, पाळणाघरांत किंवा घरकामाला येणाऱ्या ताईंच्या मुलांपर्यंत पोहोचतात. खेळणी द्यावीत, यात दुमत नाही. मात्र आमच्या संस्थेतील खोक्यांची निवड करताना ठोकळ्यांच्या खाचांत बसलेला काळा मळ, खुळखुळ्यावर वाळलेली खीर आणि गाणाऱ्या बाहुलीच्या पोटात फुटून पांढरी भुकटी सांडलेले सेल दरवर्षी हाती लागतात. लहान मूल खेळणे आधी तोंडात घालते आणि मग त्याच्याशी खेळते, हे देणाऱ्यांना ठाऊक नसते असे थोडेच आहे!

करोनाकाळापासून सॅनिटायझरचा फवारा मारला की वस्तू शुद्ध झाली, असा एक समज रुजला आहे. प्रत्यक्षात मळाच्या थरावर मारलेले जंतुनाशक त्या थरातच वाया जाते. शिवाय हात, पाय आणि तोंडावर फोड आणणारा जो आजार बालवाड्यांतून पसरतो, त्याच्या विषाणूवर अल्कोहोलचा प्रभाव बेताचाच असतो. म्हणून प्लॅस्टिकची खेळणी प्रथम कोमट पाण्यात साबण घालून, खाचाकोपऱ्यांतून जुना टूथब्रश फिरवून घासावीत. निर्जंतुक करायचीच असतील तर घरगुती ब्लीचचा एक मोठा चमचा चार लिटर पाण्यात मिसळून त्यात ती दोन-तीन मिनिटे बुडवावीत, नंतर स्वच्छ पाण्याने खळबळून पूर्ण कोरडी होऊ द्यावीत. हे द्रावण त्याच दिवशी वापरावे. आपल्याकडे ब्लीचची बाटली बहुधा न्हाणीघरात अ‍ॅसिडच्या बाटलीशेजारीच उभी असते, पण ही दोन्ही एकत्र आली तर क्लोरीनचा विषारी वायू सुटतो, याचा विसर पडता कामा नये.

लाखेचे रंग चढवलेल्या लाकडी खेळण्यांना मात्र सॅनिटायझर लावूच नये. सुतार फ्रेंच पॉलिशसाठी लाख स्पिरिटमध्येच विरघळवतात. तेव्हा अल्कोहोलने अशा खेळण्याची झळाळी जाते आणि रंग हाताला लागतो. लाकूड पाण्यात भिजतही ठेवू नये, साबणाच्या ओलसर फडक्याने पुसून लगेच कोरडे करावे. टेडीसारखी कापडी खेळणी उशीच्या अभ्र्यात बांधून यंत्रात धुता येतात. कापड सोसत असेल तर ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात धूळकिडेही मरतात. वरून सुकलेला टेडी आतल्या कापसात ओला राहतो आणि कुबट वास धरतो, म्हणून हे काम पावसाळ्यात न काढता कडक उन्हाच्या दिवसांत करावे.

काही खेळणी धुऊनही देण्याजोगी होत नाहीत. पोटात पाणी शिरणाऱ्या रबरी बदकांत बुरशी धरते आणि ती ब्रशने निघत नाही. रंगाचे पोपडे निघालेल्या जुन्या खेळण्यांच्या रंगात शिसे असू शकते, ते साबणाने जात नाही. खेळण्यांवर आयएसआय चिन्ह १ जानेवारी २०२१ पासून सक्तीचे झाले, त्यामुळे त्याआधीच्या खेळण्यांवर ते नसणे साहजिक आहे. तरीही अशी खेळणी देताना रंग अधिक बारकाईने पाहावा. सर्वांत धोक्याचे ते बटणासारखे चपटे सेल. लिथियमचा असा सेल मुलाने गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांतही गंभीर भाजल्यासारखी इजा होऊ शकते. त्यामुळे ज्या खेळण्याचे सेलचे झाकण स्क्रूने घट्ट बसत नाही, ते कोणालाही देऊ नये.

आज हे सारे घासणे-निवडणे शेवटी येऊन पडते ते अंगणवाडीतल्या मदतनीस ताईंवर, ज्यांच्याकडे आधीच आहार आणि झाडलोटीचे काम असते. त्यामुळे संकलन केंद्रांनी ‘धुतलेली आणि सेल काढलेली खेळणीच स्वीकारली जातील’ असा फलक लावावा आणि खेळणी देणाऱ्यासमोरच पाहून घ्यावीत, अशी विनंती आहे. गृहनिर्माण संस्थांनीही खोके ठेवण्याच्या आठवडाभर आधी हीच सूचना सभासदांना द्यावी, म्हणजे धुऊन वाळवायला त्यांना पुरेसे दिवस मिळतील.

आपली नम्र,
एक वाचक, पुणे