शेडवरच्या बायका आणि तीन महिन्यांची मुदत

मा. संपादक,

बेदाण्याचा हंगाम संपला की तासगाव, कवठेमहांकाळ भागातल्या शेडवर माल निवडणाऱ्या बायका पांगतात. मुकादमाच्या वागण्याबद्दल बोलण्याची हिंमत बहुधा तेव्हाच होते, हिशेब हातात पडल्यावर. पण कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यानुसार शेवटच्या प्रकारापासून तीन महिन्यांत लेखी तक्रार द्यावी लागते. तक्रारीची चौकशी करणारी समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते. त्यासाठी उशिराचे कारण अर्जातच लिहावे.

दहा किंवा अधिक माणसे कामाला असतील तर मालकाने अंतर्गत समिती नेमलीच पाहिजे, नाहीतर 50 हजारांपर्यंत दंड. रोजंदारीवरच्या आणि ठेकेदारामार्फत कामाला आलेल्या बायकाही या संख्येत धरायच्या. नेमकी इथेच चलाखी होते. माणसे दहापेक्षा कमी असतील किंवा तक्रार मालकावरच असेल, तर अर्ज जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जातो.

अर्जाच्या सहा प्रती, पुरावे आणि साक्षीदारांची नावे-पत्ते लागतात. ‘नेहमी त्रास देतो’ एवढ्यावर चौकशी उभी राहत नाही. तारीख, वेळ, वजनकाट्याजवळ की कोल्ड स्टोरेजच्या दारात, शेजारी कोण होते, तो जे बोलला ते त्याच्याच शब्दांत, कितीही घाण असले तरी. व्हॉट्सअ‍ॅपचा स्क्रीनशॉट नंबर आणि तारीख दिसेल असा काढावा, मूळ चॅट मात्र पुसू नये. एका प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी. लिहिता येत नसेल तर समितीने लिहून घ्यायचे असते. समितीपुढे वकील चालत नाही (हे मी वकील असून सांगतो).

पैसे देऊन मिटवणे कायद्याला मान्य नाही; समेट होतो तो बाईनेच मागितला तर. आरोप सिद्ध झाला नाही, एवढ्यावरून तक्रार खोटी ठरत नाही. ती खोटी ठरेल ही भीती मात्र मुद्दाम पसरवली जाते. चौकशी चालू असताना तक्रारदाराला बदली किंवा तीन महिन्यांपर्यंत रजा मागता येते. साक्ष देणाऱ्या मैत्रिणीला ती सोय नाही, ही कायद्यातली मोठी उणीव. तिचे नाव फोडायला मनाई आहे, पण एका शेडवर कोण बोलले हे काय लपून राहते?

निदान पुढचा हंगाम सुरू होण्याआधी स्थानिक समितीचा पत्ता आणि फोन नंबर ठळक मराठीत प्रत्येक शेडच्या फाटकावर लागावा, एवढे जिल्हाधिकारी कार्यालयाने पाहावे.

– एक वकील, मिरज