फ्लेक्सवरचे ९९ आणि यादीतला नंबर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सीईटीचा, म्हणजे राज्याच्या इंजिनीअरिंग प्रवेश परीक्षेचा निकाल लागला की सात रस्ता, आसरा चौक, विजापूर रोड, जिथे जागा मिळेल तिथे क्लासेसचे फ्लेक्स चढतात. मुलांचे फोटो, फोटोखाली ९९.२, ९८.७ असे ठसठशीत आकडे, आणि आकड्याखाली बारीक अक्षरांत ‘केमिस्ट्री’. ती बारीक अक्षरं दुचाकीवरून जाणाऱ्या पालकाला दिसत नाहीत आणि ती दिसू नयेत अशीच सोय असते. प्रवेश एका विषयाच्या पर्सेंटाइलवर होत नाही, एकूण पर्सेंटाइलवर होतो. तो तीन विषयांची सरासरीही नसतो. एकूण २०० गुणांवरून तो नव्याने काढतात. त्यामुळे केमिस्ट्रीत ९९ आणि एकूण ९१ असा मुलगाही फ्लेक्सवर ‘९९ प्लस’ म्हणून झळकतो.

परीक्षेच्या गुणांना प्रवेशात किती किंमत असावी, बारावीलाही वेटेज द्यावं का, ही चर्चा दर जूनमध्ये होते. त्याआधी हे गुण म्हणजे नेमकं काय, ते पाहू. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. परीक्षा वेगवेगळ्या सत्रांत होते. समजा एका सत्रात १५,००० मुलं बसली आणि तुमच्याइतके किंवा तुमच्यापेक्षा कमी गुण असलेली तुमच्यासकट १४,८५० निघाली, तर पर्सेंटाइल ९९. गुण २०० पैकी १५० असोत की १२०, सत्र अवघड होतं की सोपं, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. प्रत्येक सत्रातल्या पहिल्याला १०० मिळतात, मग त्याचे दहा प्रश्न चुकलेले का असेनात.

पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, गणित) गटाला राज्यात चार लाखांहून जास्त मुलं बसतात. म्हणजे ९० पर्सेंटाइलवाल्याच्या पुढे चाळीस हजार, ९९ वाल्याच्या पुढे चार हजार आणि ९९.९ वाल्याच्या पुढे चारशेच्या वर मुलं असतात. पुण्याचं सीओईपी किंवा मुंबईचं व्हीजेटीआय या नावाजलेल्या इंजिनीअरिंग कॉलेजांतल्या कॉम्प्युटर शाखेचा प्रवेश खुल्या गटासाठी ९९.५ च्या वरच बंद होतो. त्या टोकाला दशांश चिन्हानंतरचा एक आकडा म्हणजे चारशे जणांची रांग. मधल्या पट्ट्यात गर्दी दाट असल्याने एका प्रश्नावर पर्सेंटाइल चांगलाच हलतो. टोकाला तो हलताना दिसत नाही, कॉलेज मात्र बदलतं. म्हणून ‘९९ पडले, आता सीओईपी नक्की’ असं म्हणणाऱ्या पालकांना आम्ही आधी मेरिट नंबर, म्हणजे राज्याच्या गुणवत्ता यादीतला क्रमांक विचारतो.

बारावीच्या वेटेजचा प्रयोग होऊन गेला आहे. जेईई मेन या देशपातळीवरच्या इंजिनीअरिंग प्रवेश परीक्षेच्या क्रमवारीत २०१३ ते २०१६ या काळात बोर्डाला ४० टक्के वजन होतं. आपल्या राज्याने तर २०१४ आणि २०१५ मध्ये इंजिनीअरिंगचे प्रवेश निम्मे बारावी, निम्मे जेईई मेन असे केले. बोर्डाबोर्डांचे गुण एका मापात आणण्याच्या खटाटोपात क्रमवारी रखडायची. शेवटी २०१६ ला राज्यात सीईटी परत आली आणि २०१७ ला जेईईतलं वेटेजही गेलं. आमचं मत विचाराल तर ते गेलं हे बरं झालं. बारावीला फिजिक्स-केमिस्ट्रीत शंभरपैकी ३० गुण प्रात्यक्षिकाचे असतात आणि गणितात २० अंतर्गत. हे गुण कसे पडतात ते सोलापुरात कुणाला सांगायला नको. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाने कोविडच्या काळात एसएटी या प्रवेश परीक्षेची अट काढली होती, ती २०२२ मध्ये परत आणली. साधनं नसलेली पण तयारीची मुलं गणिताच्या गुणांवरून ओळखता येतात, हे त्यामागचं एक कारण त्यांनी दिलं. तिथे गुणांबरोबर निबंध, शिफारसपत्रं वगैरे बरंच असतं, आपल्याकडे यादी फक्त गुणांची. तरी कारण इथेही लागू पडतं. अक्कलकोटच्या झेडपी शाळेतून आलेल्या मुलाला शिफारसपत्र कोण देणार?

पण बारावी सोडून द्यावी, असा याचा अर्थ नाही. आयआयटी-एनआयटीसाठी बारावीला ७५ टक्के (एससी, एसटी आणि दिव्यांगांना ६५) किंवा बोर्डाच्या त्या त्या प्रवर्गातल्या पहिल्या २० पर्सेंटाइलमध्ये असणं, यातलं एक लागतंच. हे टक्के फिजिक्स, केमिस्ट्री, गणित, एक भाषा आणि आणखी एक विषय अशा पाच विषयांचे धरतात. ज्या मुलाने मराठी-इंग्रजीची पुस्तकं उघडलीच नाहीत, त्याचं इथे अडतं आणि ते कळतं जूनमध्ये.

आणखी एक गोष्ट सोलापूरसारख्या सीमेवरच्या जिल्ह्याला विशेष लागू आहे. एनआयटीत निम्म्या जागा त्या राज्यातल्या मुलांना असतात आणि ‘त्या राज्यातला’ हे ठरतं बारावी कुठून पास झाला यावरून. डोमिसाइल तिथे चालत नाही. हैदराबादला किंवा कोट्याला जाऊन तिथल्याच कॉलेजातून बारावी केलेल्या मुलाला नागपूरच्या व्हीएनआयटीत महाराष्ट्राच्या कोट्यातली जागा मिळत नाही, तो तेलंगणाचा किंवा राजस्थानचा धरला जातो. दोन वर्षांची फी भरण्याआधी हे विचारणारे पालक फार थोडे.

जेईईची तयारी केलेली मुलं सीईटीत एक ठरलेली चूक करतात. जेईई मेनमध्ये बरोबर उत्तराला ४, चुकलं की वजा १, त्यामुळे खात्री नसेल तर प्रश्न सोडायची सवय लागते. सीईटीत वजा गुण नाहीत. तिथे कोरा सोडलेला प्रश्न म्हणजे फुकट घालवलेली संधी. वेळेचं गणितही वेगळं आहे. फिजिक्स-केमिस्ट्रीचे १०० प्रश्न ९० मिनिटांत, म्हणजे प्रश्नाला ५४ सेकंद. गणिताचे दोन-दोन गुणांचे ५० प्रश्न पुढच्या ९० मिनिटांत, म्हणजे १०८ सेकंद. इकडचा उरलेला वेळ तिकडे वापरता येत नाही. साधारण वीस टक्के प्रश्न अकरावीचे असतात, आणि अकरावी म्हणजे आपल्याकडे विश्रांतीचं वर्ष.

एवढं करून मिळवलेला नंबर खरा वाया जातो तो कॅप राउंडमध्ये, म्हणजे पसंतीची यादी भरून होणाऱ्या राज्याच्या केंद्रीय प्रवेशफेरीत. २०२५ पासून राउंड चार झाले आणि नियम कडक झाले. पहिल्या राउंडला पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं की जागा आपोआप फ्रीज. दुसऱ्या राउंडला पहिल्या तीनपैकी आणि तिसऱ्याला पहिल्या सहापैकी काही लागलं तरी तेच. पुढच्या राउंडला मग जाता येत नाही. नेटकॅफेवाला ‘मिळण्यासारखं आधी टाका’ असं सांगतो, पालक ऐकतात, ते मिळतं आणि मुलगा तिथेच अडकतो. खरं तर हवं ते कॉलेज वर टाकल्याने खालच्या पसंतीची संधी अजिबात कमी होत नाही. यादी आपल्याला हव्या असलेल्या क्रमाने लावायची, मिळेल या अंदाजाने नव्हे.

मागच्या वर्षीचा कटऑफ बघतानाही अशीच गल्लत होते. यादीच्या चौकटीत दोन आकडे असतात, वर मेरिट नंबर आणि खाली कंसात पर्सेंटाइल. बसणाऱ्या मुलांची संख्या दर वर्षी बदलते, म्हणून मेरिट नंबर बघावा आणि तो कितव्या राउंडचा आहे हेही. प्रवर्गाच्या कोडच्या सुरुवातीला ‘एल’ असेल तर ती जागा मुलींची, ‘जी’ असेल तर सर्वांची. मुलासाठी ‘एल’चा रकाना वाचून खूश झालेले पालक दर वर्षी भेटतात.

कागदपत्रांबद्दल एकच सांगतो. नॉन-क्रीमीलेयरची मुदत ३१ मार्चला संपते. फेब्रुवारीत काढलेला दाखला जूनमध्ये चालेलच असं धरू नका, त्यावरची तारीख वाचा. प्रवर्गाचे कागद वेळेत गेले नाहीत की मुलगा खुल्या गटात जातो, आणि मग पर्सेंटाइल कितीही असो, ठरवलेलं कॉलेज हातचं जातं. निकालानंतर सेतूत रांग लावण्यापेक्षा एप्रिलमध्येच हे काम उरकावं.

आता आपल्याकडे मागणं. निकालाच्या बातमीसाठी क्लासेसकडून फोटो घेताना एकूण पर्सेंटाइल आणि मेरिट नंबर मागून घ्या, नुसता विषयाचा आकडा छापू नका. ही परीक्षा घेणाऱ्या सीईटी कक्षाकडेही आपल्या वृत्तपत्रातून मागणी जावी. गुणपत्रकावर फक्त पर्सेंटाइल येतो. त्याबरोबर मूळ गुण आणि त्या सत्रात किती मुलं बसली तो आकडा छापायला काय हरकत आहे? २७ एप्रिल २०२५ च्या सकाळच्या सत्रात गणिताच्या ५० पैकी २१ प्रश्नांचे पर्यायच चुकले होते आणि ५ मे रोजी ती परीक्षा पुन्हा घ्यावी लागली. चूक कक्षाची असते तेव्हाही ती दाखवून देण्यासाठी मुलाने प्रत्येक हरकतीला हजार रुपये भरायचे. यंत्रमागावर किंवा बिडीवर चालणाऱ्या घरातला मुलगा तीन चुका दिसल्या तरी एकीवरच बोट ठेवतो. हरकत बरोबर ठरली तर ते पैसे त्याच्या खात्यात परत यावेत, निदान एवढं तरी पुढच्या परीक्षेआधी ठरावं.

आपले,
विज्ञान शाखेचे काही शिक्षक, सोलापूर