डोमेनच्या वादासाठी कोर्टच कशाला?

महोदय,

वागळे इस्टेटमधील आमच्या परिचयाच्या एका कारखानदाराच्या नावाचे ‘डॉट इन’ डोमेन (म्हणजे वेबसाइटचा पत्ता) भलत्याच कुणी तरी नोंदवून ठेवले आणि सोडायला अवाच्या सवा रक्कम मागितली. ‘देऊन टाका आणि मोकळे व्हा, नाहीतर कोर्टात तारखाच मोजत बसाल’, असा सल्ला त्यांना चारचौघांनी दिला. त्यांत एक वकीलही होते!

या भांडणासाठी कोर्टाबाहेरची सोय कधीपासूनच आहे. ‘डॉट कॉम’, ‘डॉट नेट’ वगैरेंसाठी इंटरनेटवरील नावांचा कारभार पाहणाऱ्या ‘आयकॅन’ या जागतिक संस्थेने १९९९ मध्ये ‘यूडीआरपी’ हे वाद सोडवण्याचे धोरण आणले. ‘डॉट इन’ आणि ‘डॉट भारत’साठी आपल्याकडे ती नावे सांभाळणाऱ्या ‘निक्सी’ या संस्थेचे ‘आयएनडीआरपी’ हे तसेच धोरण आहे. तिथे १९९६ च्या लवाद कायद्यानुसार नेमलेला लवाद निकाल देतो. तक्रारदाराला दाखवावे लागते ते एवढेच: डोमेन आपल्या नावाशी किंवा ट्रेडमार्कशी गोंधळ होण्याइतके मिळतेजुळते आहे, समोरच्याचा त्यावर रास्त हक्क नाही, आणि त्याचा हेतू खोटा आहे. यूडीआरपीत नोंदणी आणि वापर दोन्ही खोट्या हेतूने झाल्याचे दाखवावे लागते. ‘डॉट इन’ला दोहोंपैकी एक पुरते. म्हणजे नुसते अडवून ठेवून पैसे मागणाऱ्यालाही गाठता येते.

अर्थात, हे फुकट नाही. ‘डॉट कॉम’ची तक्रार जिनिव्हाच्या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे नेली, तर निकाल देणाऱ्या एका परीक्षकासाठी १,५०० डॉलर भरावे लागतात आणि जिंकलात तरी ते परत मिळत नाहीत. नुकसानभरपाईही नाही, डोमेन तेवढे तुमच्या नावावर होते किंवा रद्द होते. पण निकाल साधारण दोन महिन्यांत लागतो. मात्र बड्या कंपन्यांनी हीच वाट वापरून खऱ्याखुऱ्या छोट्या मालकाचे डोमेन बळकावू पाहिल्याची उदाहरणेही आहेत. तेव्हा नोटीस आली की घाबरून डोमेन सोडू नये. यूडीआरपीत उत्तर द्यायला २० दिवस मिळतात.

आपल्याकडचे निम्मे वाद मात्र याही वाटेने सुटणार नाहीत, अशी माझी शंका आहे. वेबसाइट करून देणाऱ्या मुलानेच डोमेन स्वतःच्या नावावर घेतलेले असते, पुढे बिलावरून बिनसते आणि तो हात वर करतो. असे प्रकरण करारभंगाचे म्हणून परीक्षक बाजूला ठेवू शकतात. डोमेन कुणाच्या ई-मेलवर नोंदलेले आहे, हे प्रत्येक दुकानदाराने आजच पाहावे. ट्रेडमार्कची नोंदणीही वेळीच करावी. नोंदणी नसली तरी नाव रुळले असेल तर हक्क सांगता येतो (सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये ‘सत्यम इन्फोवे’ प्रकरणात ते मान्य केले आहे), पण मग जुनी बिले, जाहिराती शोधत बसावे लागते. छोट्या उद्योगाला ट्रेडमार्क नोंदणीच्या ऑनलाइन अर्जाचे शुल्क माल-सेवांच्या एका वर्गासाठी ४,५०० रुपये आहे.

जिल्हा उद्योग केंद्र आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातील उद्योजकांच्या संघटना कर्ज-अनुदानाची शिबिरे भरवतात. त्यात तासभर या विषयाला द्यावा आणि तक्रारीचा एक नमुना मराठीतून वाटावा, ही विनंती.

— एक वाचक, नौपाडा, ठाणे