बेकवेलला जायचं ते सोमवारीच

शेफिल्ड

ती. बाबा आणि ती. आईस,
सा. न. वि. वि.

जूनअखेरीस तुम्ही इथे असाल, तेव्हा एक दिवस बेकवेलसाठी राखायचा आणि तो सोमवारच धरायचा. डर्बीशरमधलं हे गाव पीक डिस्ट्रिक्ट राष्ट्रीय उद्यानाच्या आतच आहे. 1254 पासून तिथे बाजार भरतो आणि आजही त्याचा वार सोमवार. बाकीच्या दिवशी गाव देखणंच असतं, पण दिसतात ते बहुतेक पर्यटक. सोमवारी मात्र आसपासचे शेतकरी खरेदी-विक्रीला येतात. नदीपलीकडे गुरामेंढ्यांचा लिलाव होतो. बाबा, तो सकाळी आधी बघा. बोली पुकारणारा इतक्या वेगाने बोलतो की शब्द पकडायच्या नादी लागू नका, कठड्याभोवतीच्या शेतकऱ्यांकडे लक्ष ठेवा. बारीकशी मान हलली की बोली वाढते. गावातल्या रस्त्यावरचे स्टॉल दुपारनंतर आवरायला लागतात, म्हणून जेवण थोडं मागे ढकललं तरी चालेल.

गावात रेल्वे नाही. शेफिल्ड स्टेशनजवळच्या बसस्थानकावरून 218 नंबरची बस मिळते, साधारण तासाभराचा रस्ता. एकेरी तिकीट सध्या जास्तीत जास्त 3 पौंड. गाडी नेण्यात अर्थ नाही, बाजाराच्या दिवशी पार्किंग लवकर भरतं. उतरल्यावर आधी परतीच्या शेवटच्या बसची वेळ थांब्यावर बघून फोटो काढून ठेवा. दऱ्यांमध्ये मोबाइलला रेंज नसते.

आई, तुझ्यासाठी खास गोष्ट म्हणजे तिथल्या सजवलेल्या विहिरी. डर्बीशरमध्ये विहिरी आणि झऱ्यांपाशी फुलांच्या पाकळ्यांची मोठी चित्रं उभी करतात. बेकवेलची पाळी जूनअखेर ते जुलैच्या सुरुवातीला येते. आधी लाकडी चौकटी काही दिवस पाण्यात बुडवून ठेवतात, नाहीतर कोरडं लाकूड मातीतलं पाणी शोषून घेतं. चौकटीला खिळे मारलेले असतात, म्हणजे माती घसरत नाही. मीठ घालून मळलेली ओली माती त्यात थापतात. मीठामुळे ओल टिकते. वर चित्राचा कागद ठेवून रेषांवर टोचत जातात. कागद काढला की त्या टोचांवर बिया, झाडाची साल आणि आल्डरच्या झाडाची काळी बोंडं दाबून बाह्यरेषा बसवतात. मग एकेक पाकळी. ती खालून वर लावत जायची, वरचीचं टोक खालचीवर येईल अशी, अगदी आपण वळचणीपासून आढ्याकडे कौलं चढवतो तशी, म्हणजे पावसाचं पाणी वरून ओघळून जातं. उलट लावली तर पाणी आत शिरून पाकळ्या सुटतात. आठवड्याभरात माती वाळून तडकते आणि रंग उतरतात, तेव्हा पहिल्या दोन-तीन दिवसांत बघणं उत्तम. जवळ जाऊन पाकळ्यांची कड बघ, हात मात्र लावू नकोस.

खाण्याचं आधीच सांगते. बेकवेल पुडिंग म्हणजे पापुद्र्याच्या वाटीत जॅम आणि वर अंडं-लोणी-बदामाचं मिश्रण. टार्ट वेगळा, त्याचं कवच खुसखुशीत असतं. अंडं दोन्हीत आहे, त्यामुळे आईला चालणार नाही. चिप्सच्या दुकानात तेल कुठलं ते विचारल्याशिवाय घेऊ नका, या भागात काही ठिकाणी गाईच्या चरबीत तळतात. चीज घेताना शाकाहारी असल्याची खूण बघा, पुष्कळ चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने विरजलेलं असतं. घरून थेपले न्यावेत हे माझं स्पष्ट मत.

दुपारी मोन्सल ट्रेल. 1968 मध्ये बंद झालेल्या रेल्वेमार्गावरची ही वाट सुमारे 13.5 किलोमीटरची. रुळांची जागा असल्याने जवळजवळ सपाट, बाबांच्या गुडघ्यांना सोसेल. चढ लागतो तो गावातून जुन्या स्टेशनपर्यंतच, तो सावकाश चढा. पहिल्या टप्प्यात हॅसॉपच्या जुन्या स्टेशनात चहा मिळतो, तिथून परतलात तरी पुष्कळ झालं. दम असेल तर पुढे हेडस्टोनचा बोगदा, जवळजवळ अर्धा किलोमीटर लांब. आत दिवे आहेत, पण उन्हाळ्यातही गारठा असतो, स्वेटर जवळ असू द्या. बोगद्यातून बाहेर पडलात की थेट वाय नदीवरच्या उंच कमानपुलावर येता. गांधीजींवर ज्यांचा फार प्रभाव होता ते इंग्रज लेखक जॉन रस्किन या रेल्वेवर संतापले होते, दरीचा नाश केला म्हणून. आता तोच पूल वारसा म्हणून जपलाय.

वाटेत शेतांचे गडगे बघा. सिमेंट नाही, चुना नाही. दोन बाजूंना चुनखडीच्या दगडांचे थर वर जाताना आत झुकतात, मध्ये बारीक दगडांची भर आणि अधूनमधून दोन्ही बाजू बांधून ठेवणारा लांब दगड. चढू नका, एक दगड निसटला की शेजारचेही ढासळतात. कडेच्या नेटलच्या पानांना हात लागला तर आग होते, पूर्ण बाह्यांचं घाला.

चॅट्सवर्थचा राजवाडा याच बसच्या वाटेवर आहे, पण तो त्याच दिवशी कोंबू नका. त्याला वेगळा दिवस देऊ. बाबांचे चालायचे बूट नवे असतील तर निघण्याआधी तिकडेच महिनाभर वापरून घ्या.

तुमची,
धाकटी