आप्पांच्या खोलीतली पाटी

सांगली, रविवार रात्र

प्रिय संज्या,

सात महिन्यांत तुला दोन ओळी लिहिल्या नाहीत, रागावला असशील. आमच्याकडे सगळे बरे, माझी शुगर आटोक्यात. पण आज जे झालं ते तुलाच सांगावंसं वाटलं.

आप्पांना आता फोनची घंटा ऐकू येत नाही. रिसीव्हर कानाला लावला की मात्र ऐकतात. मोबाइलला हात लावायचा नाही म्हणजे नाही. आम्ही घरी असलो की मी हाक मारतो, 'आप्पा, फोन!' पण दिवसभर घरात कोणी नसतं, फोन वाजून वाजून बंद पडतो. म्हणून दिवाळीपासून खटपट करून फोन कोणाचा ते दाखवणारी पाटी केली. दुकानांवर लाल अक्षरं सरकतात ना, तोच पी-१० पॅनल. ३२ बाय १६, म्हणजे ५१२ दिवे. आमच्या लाइनीवर नंबर घंटेच्या आधीच डीटीएमएफमध्ये, म्हणजे फोनच्या बटणांच्या सुरांत, येतो. तो पकडायला आपला ८८७०, ते सूर ओळखणारी चिप, सोबत ३.५८ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल, मागे अर्डुइनोचा छोटा बोर्ड. पहिल्याच दिवशी शून्य असेल तिथे दोन ठिपके! बघत राहिलो आणि होस्टेल आठवलं. ८८७० शून्याला दहा म्हणतो (आणि अक्षरांच्या कोडात नऊच्या पुढे ':' येतं), हे तू तेव्हाच सांगत होतास आणि मी तुझ्या सोल्डरिंगला शिव्या देऊन दोन दिवस अबोला धरला होता. तू बरोबर होतास. घे, लेखी दिलं.

नावं मराठीतच हवी होती. ग्राफपेपरवर चौकोन भरून एकेक अक्षर काढलं. वर वेलांटी, खाली उकार. आठ ओळींत ते मावत नाही, सोळांत मावतं. 'दादा' सगळ्यात आधी जमलं.

आणि तिथेच घोळ झाला. जमिनीचं ते प्रकरण झाल्यापासून आप्पा दादाचं नाव काढत नाहीत, हे तुला माहीत आहे. तरी तो दर रविवारी सकाळी फोन करतो. मी कोणाचा ते न सांगता हाक मारायचो. आप्पा उचलायचे, आणि एकदा 'आप्पा' असं कानावर पडलं की त्यांना ठेववत नसे. पाऊस, गुडघे, गोळ्या, दोन मिनिटं बोलणं व्हायचं. आज पाटीवर 'दादा' उमटलं. आप्पांनी चष्मा वर सरकवला, वाचलं, आणि पेपरचं पान उलटलं. पाटी विझेपर्यंत मी दारात उभा. नंतर दादाने माझ्या मोबाइलवर विचारलं, 'झोपलेत का?' मी हो म्हणालो.

आता नाव काढून टाकू? मग ती आप्पांची फसवणूक. ठेवू? मग ती दोन मिनिटंही गेली, आणि ती माझ्या हातांनी गेली. त्या भांडणात तू दादाची बाजू घेतलीस म्हणून मी तुला नाही नाही ते बोललो होतो. तरी तूच सांग. तुझं आप्पा अजून ऐकतात.

लेकीची बारावी कशी गेली? मस्कतहून कधी येताय? वहिनींना नमस्कार.

रविवारच्या आत फोन कर, पण घरच्या लाइनीवर. तुझंही नाव भरलंय, त्या 'ज्या'पायी अख्खी संध्याकाळ गेली. दुपारी केलास तर आप्पाच उचलतील.

तुझा,
बंड्या