कासवाच्या गोष्टीचं तात्पर्य नेमकं कोणतं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेली बावीस वर्षं मी आमच्या तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयात देवघेवीच्या टेबलावर बसते. बालविभागही माझ्याकडेच आहे. गेल्या महिन्यात तिसरीतला एक मुलगा शाळा सुटल्यावर दप्तरासकट थेट टेबलापाशी आला आणि वही उघडून त्याने माझ्यापुढे सरकवली. प्रश्न होता, ‘कासव आणि दोन हंस या गोष्टीचे तात्पर्य लिहा.’ त्याने लिहिलं होतं, ‘नको तेव्हा बोलू नये.’ त्यावर लाल फुली, आणि खाली दुरुस्ती : ‘हितचिंतकांचा सल्ला ऐकावा.’

“काकू, तुमच्याच पुस्तकात असं होतं,” तो म्हणाला. डोळे भरून आले होते.

पुस्तक आमचंच होतं, जातककथांचं, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या गोष्टींचं. त्यामुळे मुलाचं उत्तर बरोबर होतं. बाईंची दुरुस्तीही बरोबर होती, कारण ती पंचतंत्रातली होती. चुकली ती फुली. तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही, म्हणून हे पत्र.

हे कासव तीन ठिकाणी भेटतं. पंचतंत्रात त्याचं नाव कंबुग्रीव, हंसांची नावं संकट आणि विकट. तळं आटायला लागतं, हंस काठीची दोन टोकं चोचीत धरतात, कासव मधोमध दातांनी काठी पकडतं. खालून गलका होतो, हा कसला गलका म्हणून विचारायला ते तोंड उघडतं आणि पडतं. पण ही गोष्ट सांगतं कोण? टिटवी. समुद्राच्या काठी अंडी घालू नयेत असं ती नवऱ्याला परोपरीने बजावते, तो ऐकत नाही, तेव्हा ती त्याला ही गोष्ट ऐकवते. साहजिकच तिच्या तोंडी तात्पर्य येतं : हिताचं सांगणाऱ्याचं न ऐकणारा बुडतो.

जातकात तेच कासव, तेच दोन हंस. फक्त कासव पडतं ते वाराणसीच्या राजाच्या अंगणात. हा राजा एवढा बोलका की दुसऱ्याला तोंड उघडायची सोय नाही. त्याचा अमात्य म्हणजे बोधिसत्त्व, पूर्वजन्मातला बुद्ध. हे राजाच्या कानी कसं घालावं, या विचारात तो कितीतरी दिवस असतो. कासव समोर येऊन फुटतं आणि राजा विचारतो, हे कसं झालं? अमात्याला हवी ती संधी मिळते. तात्पर्य : फार बोलू नये. राजालाही कळतं की बोलणं आपल्याबद्दल चाललंय.

इसापकडे हंस नाहीत आणि काठीही नाही. कासवाला उडायचं असतं, ते गरुडाच्या मागे लागतं, गरुड त्याला उंच नेऊन सोडून देतो आणि खडकावर त्याचे तुकडे होतात. पुस्तकात खाली छापलेलं असतं, आपल्या कुवतीबाहेरची हाव धरू नये. इसाप गुलाम होता असं ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने लिहून ठेवलंय. पुढे त्याच्या गोष्टी लॅटिन पद्यात आणणारा फीड्रस, जो स्वतः गुलामगिरीतून सुटलेला होता, म्हणतो की गुलामाला मनातलं उघड बोलता येत नव्हतं, म्हणून या गोष्टी जन्माला आल्या. हे कळल्यावर मला ती गोष्ट वेगळीच वाटायला लागली. मालकाच्या पंज्यात किती उंच गेलो तरी पंजा उघडणं त्याच्या हातात असतं, असंही त्या गोष्टीतून ऐकू येतं.

बायको नवऱ्याला सांगते, मंत्री राजाला सांगतो, गुलाम आपल्यासारख्याच कुणाला सांगतो. कोण कुणाला सांगतंय त्यावर बोध ठरतो. आपण मुलांना सांगताना नेमका तो सांगणारा गाळतो आणि ऐकणाराही गाळतो. उरते जाड टाइपातली एक ओळ.

सगळ्याच गोष्टी सद्वर्तन शिकवतात, हाही आपला समजच. पंचतंत्राचा पहिला भाग, मित्रभेद, शेवटपर्यंत वाचून पाहावा. पिंगलक सिंह आणि संजीवक बैल यांची जिवाभावाची मैत्री. दमनक कोल्हा दोघांचे कान भरतो, सिंह बैलाला मारतो, मग पश्चात्ताप करत बसतो, आणि दमनक त्याची समजूत घालून मंत्रिपदावर कायम राहतो. कळ लावणाऱ्याचं काही बिघडत नाही. कारण हे तंत्र विष्णुशर्म्याने अमरशक्ती राजाच्या तीन मुलांसाठी सांगितलं, दरबारात कोण कसा वागतो ते त्यांना वेळीच कळावं म्हणून. सहाव्या शतकात हा ग्रंथ इराणात पहलवी भाषेत गेला, आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फाने तो अरबीत आणला. अरबी आवृत्तीत एक जास्तीचं प्रकरण आहे : दमनकावर, म्हणजे तिथल्या दिम्नावर, रीतसर खटला चालतो आणि त्याला मरणाची शिक्षा होते. कुणालातरी तो शेवट सहन झाला नाही. मला दोन्ही शेवट मोलाचे वाटतात, आणि दहा वर्षांच्या मुलाला दोन्ही ऐकवले तर त्याचं काही वाकडं होणार नाही अशी माझी खात्री आहे.

माकड मगरीला सांगतं की काळीज झाडावर ठेवून आलोय. हे धडधडीत खोटं. आपली म्हातारी ‘चल रे भोपळ्या’ म्हणत निघते, तिनेही वाघाला थापच मारलेली असते. त्याच मुलांना आपण दुसऱ्या तासाला लाकूडतोड्याची गोष्ट सांगून खरं बोलायला शिकवतो. फ्रेंच विचारवंत रूसोने १७६२ साली लिहिलं होतं की कावळा-कोल्ह्याची गोष्ट ऐकताना मुलं कावळ्याला हसतात आणि त्यांना कोल्हाच आवडतो. बालविभागात बसणाऱ्या कुणालाही हे पटेल.

आणि मुंगी? इसापची मुंगी थंडीत उपाशी आलेल्या नाकतोड्याला दारातून परत पाठवते. आपल्याकडे शेणाचं घर वाहून गेलेला कावळा मेणाच्या घरापुढे भिजत उभा असतो आणि चिऊताई म्हणते, थांब, माझ्या बाळाला तीट लावते. दारात गरजवंत उभा आहे, आता काय करायचं? दोन्ही गोष्टींत प्रश्न हाच आहे. मी शनिवारी मुलांना या दोन गोष्टी पाठोपाठ सांगितल्या, तर निम्म्या मुलांनी मुंगीला कंजूष ठरवलं आणि एका मुलीने चिऊताईची बाजू घेतली, “बाळ लहान असेल तर वेळ लागतोच.” तात्पर्य सांगून टाकलं असतं तर यातलं काहीच कानावर पडलं नसतं.

इसाप आपल्याला परका नाही. तंजावरच्या सरफोजी राजांनी १८०६ मध्ये ‘बालबोध मुक्तावली’ या नावाने त्याच्या गोष्टी मराठीत छापून घेतल्या. जातकं आणि पंचतंत्र तर घरचंच. तेव्हा माझी आपल्याला कळकळीची विनंती आहे. आपल्या रविवारच्या बालपानावर गोष्टीखाली चौकटीत जे तात्पर्य छापलं जातं ते बंद करावं. त्या जागेत तीच गोष्ट दुसऱ्या परंपरेतली छापावी, कोण कुणाला सांगतंय ते लिहावं, आणि मुलांना पत्रं पाठवायला सांगावं. शिक्षकांनाही सांगणं आहे की मुलाने दुसरं तात्पर्य लिहिलं तर फुली मारण्याआधी ‘तुला असं का वाटलं?’ एवढं जरूर विचारा.

त्या मुलाला मी इसापचं कासव वाचायला दिलं. टेबलाशी उभ्या उभ्याच त्याने वाचून काढलं आणि विचारलं, “गरुडाला माहीत होतं ना हे पडणार? मग सोडलं कशाला?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुस्तक तो घरी घेऊन गेला, शनिवारी परत आणायचं आहे.

कळावे,
आपली नम्र,
एक ग्रंथालय कर्मचारी, जि. सांगली